टूथपावडरने घासलेली चांदी

टूथपावडरने निरांजन घासायला घेतलं, की त्या कापरासारख्या वासासरशी मला रत्नागिरीतल्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. ऐंशीच्या दशकात मी तिथे पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होते. काचपट्टीवर ॲल्युमिनियम, त्यावर ऑक्साइडची साय आणि वर चांदीचा इतका पातळ थर, की फुंकर घालायचीही भीती वाटे. वीज दिली की चांदीच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांच्या लाटा उठत. गुळगुळीत चांदीवर त्या नुसत्या धावून विरतात. ती खरबरीत असेल तरच अडखळतात आणि प्रकाश होऊन बाहेर पडतात. म्हणून माझी चांदी मी मुद्दाम खरबरीत ठेवली होती, आणि वर्षभराच्या खटपटीनंतर अंधारात लालसर उजेड दिसला होता. तो बघायला मुंबईहून तज्ज्ञ आले. त्यांना पटलं असतं तर ते मला संशोधनासाठी घेऊन जाणार होते. ते जिना चढत असताना मी खिडक्यांना काळे कागद लावून वळले, तर आमचे विभागप्रमुख सर काचपट्टी पुसत होते. "अगो, चांदी अशी काळपट ठेवतात काय पाहुण्यांपुढे? घरून टूथपावडर आणली मी." त्यांच्या हातातल्या कापसावर एक करडा डाग होता, तेवढीच माझी चांदी. दुसरी पट्टी नव्हती. पाहुणे अंधारात दहा मिनिटं ताटकळले, तेव्हा सर हसून म्हणाले, "पोर हुशार आहे हो, पण हाताला टापटीप नाही." मी मान डोलावली. गेल्या वर्षी सरांच्या शोकसभेत मला बोलायला लावलं, तेव्हा मी त्यांच्या टापटिपीवरच बोलले.