साहेबांना ॲडमिशन पाहिजे

बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ टेबलासमोर येऊन थांबले आणि मी खुर्चीतून पूर्ण उठलो. एरवी प्रिन्सिपॉल आले तरी मी अर्धाच उठत असे.

तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कॉलेजात ॲडमिशनचा क्लार्क होतो. नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. कालपर्यंत आमचे वरिष्ठ नागपूरला बसत, आता भोपाळला बसू लागले. दोन्हीकडच्या नोकरांचं इंटिग्रेशन चाललं होतं. म्हणजे सोप्या भाषेत, कोण कोणाच्या डोक्यावर बसणार ते ठरायचं होतं. भोपाळहून तपासणीला साहेब येणार, अशी आवई रोज उठायची. ते हिंदीच बोलणार, हे आम्ही धरून चाललो होतो.

"नमस्ते. प्रवेश का नियम क्या है?" कोटवाल्यांनी विचारलं.

आली तपासणी, मी मनात म्हटलं.

"आइए, विराजिए." माझं हिंदी बाजारात भाव करण्यापुरतं. 'विराजिए' आयुष्यात पहिल्यांदाच तोंडातून निघालं. शिपायाला बुधवारा बाजारातून गरम मावा जिलबी आणायला पिटाळलं.

जिलबी आली, तरी साहेब खुर्चीच्या कडेवरच बसून होते. "उमर की कोई रोक है क्या?"

नियमात फक्त लोअर एज लिमिट होती, म्हणजे ठरावीक वयाखालच्या मुलाला घ्यायचं नाही. वरची मर्यादा फक्त माझ्या डोक्यात होती. पिकल्या मिशांचा कोणी आला, की 'मुलाला पाठवा' म्हणून मी वाटेला लावायचो. पण तपासणीत असं कोण सांगतो?

"बिलकुल नहीं," मी म्हणालो. "बुजुर्ग भी आए, तो हम हाथ पकड़कर बिठाते हैं."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिलबी फार गरम असावी.

"बाबूसाहेब, माही हिंदी संपली आता," ते म्हणाले. "मी नामदेव पाटील, देडतलाईचा. केळीची शेती हाय. बाप गेला अन् शाळा सुटली. आधी भावाइले शिकवलं, मंग बाहेरून मॅट्रिक झालो. दुसऱ्या कॉलेजात गेलो, त बाबूनं मिशा पाहूनच वापस केलं. मले ॲडमिशन पाहिजे."

"मग हिंदी कशाला बोलत होता?"

"सरकारी हापिसात आता मराठी चालत नाही म्हने. अन् तुम्ही बी त 'विराजिए' म्हटलं."

कोट भावाच्या लग्नातला निघाला. माझा संताप झाला. जिलबी तर माझ्याच खिशातून गेली होती. 'मुलाला पाठवा' अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात मागून प्रिन्सिपॉलांचा आवाज आला. माझं हिंदी ऐकून ते केबिनबाहेर येऊन उभे राहिले होते.

"थांबलात का? हात धरून बसवताय ना?"

ॲडमिशन झाली. भोपाळचे साहेब कधी आलेच नाहीत. इंटिग्रेशनमध्ये माझ्या डोक्यावर बरेच जण बसले, सगळे पदवीधर. मी नुसता मॅट्रिक. पुढे शिकायचं माझं वय आता गेलं, असं मी घरी सांगत असे. नामदेवरावांपेक्षा मी चांगला लहान होतो.

बी.ए. झाल्यावर ते मावा जिलबी घेऊन आले. कोट तोच.

"आता तुमची ॲडमिशन कवा, बाबूसाहेब?"

"माझं वय झालं हो."

ते हसले नाहीत. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"हात धरून बसवू का?"

वयामुळे ॲडमिशन अडते का, असं लोक अजूनही मला विचारतात. अडते. नियमात काही नसतं, पण टेबलामागे कोणीतरी बसलेला असतो. माझ्या बाबतीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना मीच होतो, म्हणून जरा जास्त वर्षं लागली.