अक्काला चालेल असा खाऊ

मस्कतला मुलाकडे राहून परत निघायची वेळ आली, तेव्हा सूनबाई मला मोठ्या दुकानात घेऊन गेली. गल्लीसाठी चॉकलेटं, मैत्रिणींसाठी बदाम-पिस्ते, भाचरांसाठी गोळ्या-बिस्किटं असं सगळं तिनं भराभरा ढकलगाडीत टाकलं. बीडमध्ये माणूस परदेशातून आला की लोक तब्येत नंतर विचारतात, आधी पिशवीकडे बघतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे. माझं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. अक्कासाठी काय घ्यायचं?

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, घाटनांदूरला दिलेली. तिच्या पाठचा दादा नेकनूरजवळ आमच्या गावी शेती आणि म्हशी सांभाळायचा. मी शेंडेफळ, लग्न होऊन बीडला आले आणि बीडचीच झाले. आम्हा तिघांत भांडण असं एकच, अक्काचं आणि दादाचं, आणि ते मिटवण्याची कामगिरी त्या खाऊवर येऊन पडली होती.

आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क. भाचा डोळ्यांसमोर असताना मुलगी बाहेर देणं म्हणजे बहिणीचं नाक कापणं. दादाची मुलगी परकरात होती तेव्हापासून अक्का तिला ‘सूनबाई’ म्हणून हाक मारायची आणि दादा हसून मान डोलवायचा. मुलगी शिकली, मोठी झाली, आणि आत्याच्या घरी मला जायचं नाही असं तिनं बापाला सांगितलं. हे खरं कारण अक्काला कळलं असतं तर तिनं त्या पोरीला जन्मभर पाण्यात पाहिलं असतं. म्हणून ‘मलाच नोकरीवाला जावई पायजे’ असं म्हणत दादानं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. पोरीचं बाहेर जमलं, आणि त्या साखरपुड्याच्या पंगतीत अक्का भरल्या ताटावरून उठली. “तू जिता हायेस तवर तुझ्या घरच्या अन्नाला शिवणार न्हाई,” असं चार माणसांत बोलली, चपला घातल्या आणि स्टँडची वाट धरली.

सगळ्यांना वाटलं, रागाचं बोलणं आहे, दिवाळीपर्यंत विरेल. पण अक्कानं ती शपथ सरकारी नोकरीसारखी पाळली. भाऊबीजेला यायची, दादाला ओवाळायची, पण सोबत स्वतःची पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. ओवाळून झालं की शेजारच्या ओट्यावर बसून भाकरी खायची. आत वहिनी ताट वाढून बसलेली असायची. दादा घाटनांदूरला गेला की मात्र हीच अक्का त्याला आग्रह करकरून जेवू घालायची. भावावरचा तिचा जीव तसूभरही कमी झाला नव्हता, आणि मला छळायचं ते हेच. जीव नसता तर निदान भांडण सोपं झालं असतं.

पुढे दादाच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी तो बीडला यायचा आणि झालं की माझ्याकडे येऊन पडायचा. मस्कतला निघण्याआधी असाच भिंतीकडे तोंड करून पडला होता. एकदम म्हणाला, “बाई, नारायणगडावर अक्कानं माझ्या हातची बुंदी खाल्लती. ध्यानात हाय का?”

होती ध्यानात. गडावर जत्रेत दोघांची गाठ पडली होती. दादानं प्रसादाची बुंदी तिच्या हातावर ठेवली आणि तिनं ती मुकाट्यानं खाल्ली, कारण ती देवाची होती. त्यानंतर किती तरी दिवस दादा भेटेल त्याला ते सांगत सुटला होता.

“मग जे आपल्या घरचं न्हाई, आपल्या रानातलं न्हाई, आपल्या चुलीवरचं न्हाई, ते खायला तिला काय हरकत हाय?” तो म्हणाला. “तिकडून असं कायतरी आण. मी माझ्या हातानं देतो. एक घास खाऊ दे तिला माझ्या देखत. लई झालं मला.”

मी म्हणाले, “तू वकील व्हायला पाहिजे होतास.” तो हसला. हसताना त्याचे सुजलेले डोळे पार मिटून गेले. मला रडू आवरेना, कुकर बघते म्हणून मी आत गेले.

दादाची वकिली मी मस्कतला पुढे चालवली. अन्न कशाला म्हणायचं? आपल्याकडे याचा निकाल कधीच लागलेला आहे. एकादशीला जे चालतं ते अन्न नव्हे. गळ्यापर्यंत साबुदाणा खाऊन बाई ‘आज माझ्या पोटात काही नाही’ म्हणते आणि घरात तिला कुणी हसत नाही. तर अक्काला द्यायचा खाऊ उपवासाला चालणारा हवा, म्हणजे तिच्या शपथेला धक्का नको आणि दादाच्या मनाचंही समाधान. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

बिस्किटं बाद झाली, केक बाद झाला. तिथला हलवा फार नामी, तुपानं निथळणारा, केशराच्या रंगाचा. दादा असता तर त्यानं तोच उचलला असता. पण त्यात स्टार्च निघाला, आणि तो गव्हाचा की मक्याचा हे कुणाला सांगता येईना. खारे पिस्ते मिठासाठी बाद. मीठ खाल्लं की त्याला जागावं लागतं, अक्का त्याला हात लावणार नाही. मध मला बराच वेळ मोहात पाडत होता, पण मधाचं पुढे काय होतं ते मी जाणून आहे. बाटली फडताळात जाते आणि कुणाला खोकला झाला तरच बाहेर येते. दादाला तर देखत खाल्लेलं हवं होतं. केशर घ्यावं तर ते दुधात घालावं लागणार, आणि दूध म्हटलं की कुणाच्या म्हशीचं हा प्रश्न आलाच.

“आई, खजूर घ्या ना सरळ,” सूनबाई कंटाळून म्हणाली. पण खजुरात तरी सरळपणा कुठे आहे? बदाम भरलेला, तीळ लावलेला, चॉकलेटात बुडवलेला. चॉकलेटवाल्या डब्यावरची बारीक अक्षरं तिनं वाचून दाखवली, की ह्या कारखान्यात गहूही हाताळला जातो. मी चटका बसल्यासारखा डबा खाली ठेवला. सून हसायला लागली. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर दादाचा सुईच्या खुणांनी गाठाळलेला हात होता.

काउंटरवरचा माणूस हैदराबादकडचा निघाला. त्याचं बोलणं ऐकून नेकनूरच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. “अम्मा, उपास का होना क्या?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “भाई को बहन को देना है. उसमें दुसरं काहीच नक्को.” त्यानं खालच्या फळीवरून एक साधा डबा काढला आणि एक खजूर मला चाखायला दिला. मऊ, काळपट, जिभेवर ठेवला की विरघळणारा. “इसमें खजूर के सिवा कुच नै, अम्मा,” तो म्हणाला. मी तोच घेतला.

बीडला आल्यावर दादाला फोन केला. डबा त्याच्या घरात जाऊच द्यायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्याच्या उंबऱ्याच्या आत गेला की तो त्या घरचा झाला. म्हणून दादाच एका सकाळी बीडच्या स्टँडवर आला आणि तिथून आम्ही अंबाजोगाईमार्गे घाटनांदूरला निघालो. डबा सगळा वेळ त्याच्या मांडीवर. डॉक्टरांनी त्याला खजुराची सक्त बंदी केली होती. तो नुसता झाकण उघडून वास घ्यायचा आणि परत लावायचा. “अक्काला आवडंल,” असं मधूनच म्हणायचा, मला नाही, खिडकीकडे बघून.

अक्कानं आधी त्याला जेवू घातलं. त्याचं सगळं पथ्य तिला पाठ होतं. जेवण झाल्यावर दादानं हात धुतले, डबा उघडला, एक खजूर बोटांत धरला आणि बसमध्ये मनाशी घोकलेलं सगळं सांगितलं. हे आपल्या रानातलं न्हाई, चुलीवरचं न्हाई, ह्यात दाणा न्हाई, मीठ न्हाई, माझ्या घराचा उंबरासुद्धा ह्यानं पाहिला न्हाई.

अक्कानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “मग ह्यात तुझं काय हाय?”

दादानं खजूर आणखी पुढे केला.

“रान तुझं न्हाई, चूल तुझी न्हाई, पैका तुझा न्हाई. मग हे तुझं कसं? हे हिचं हाय.” आणि तिनं माझ्यापुढे हात पसरला. “दे गं बाई. तुझं खाते मी.”

दादाचा हात तसाच मधे राहिला होता. मग त्यानं तो खजूर डब्यात परत ठेवला आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी दिला. अक्कानं तो खाल्ला, बी तळहातावर काढली.

“मला काय हौस हाय का रे?” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “सबद गेला तोंडातून.”

“मग माघारी घे.”

“चार माणसांत बोललेलं माघारी घेता येतंय व्हय?” असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला.

दादानं तिच्या तळहातावरच्या बीकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, “गोड हाय का पर?”

“हाय,” अक्का म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी अक्कावर तोंडसुख घेतलं. हट्टी आहे, पहिल्यापासून तशीच आहे, असलं काहीबाही. दादानं ते कानावर घेतलं नाही. केजच्या अलीकडे कुठेतरी म्हणाला, “तिचं बरोबर हाय. आपुन लईच निवडलं बघ. माझं काहीच ऱ्हाऊ दिलं न्हाई त्यात.” पुढे तो डोळे मिटून बसला. मी त्याचा हात हातात घेतला, तो बर्फासारखा गार लागला.

त्यानंतर दादा फार दिवस काढू शकला नाही. एका सकाळी डायलिसिसला निघायच्या तयारीत असतानाच गेला. अक्का आली, मढ्यापाशी बसून रडली, पाणी पिण्यासाठी शेजारी गेली. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला, की मी तिच्याशी बोललेच नाही. मेलेल्या माणसाशी कसला वाद घालतेस, असं तिला विचारावंसं वाटत होतं.

तेराव्याला अंगणात मांडव घातला होता. बायकांची पंगत बसली. अक्का आली ती हातात बाटली न घेता, फडकं न घेता, आणि माझ्या शेजारी पानावर बसली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘तू जिता हायेस तवर’ असं ती बोलली होती. मढं घरात होतं तोवर तिच्या लेखी तो गेलेलाच नव्हता. इतक्या वर्षांत त्या शब्दांकडे आमचं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. तिचं गेलं असणार, रोज.

दादाची मुलगी लापशीचं पातेलं घेऊन ओळीनं वाढत आली. अक्कापुढे येताच ती थांबली. पळी हातातच राहिली.

“वाढ की,” अक्का म्हणाली. “कावून थांबलीस? तुझ्या बापाच्या घरचं हाय.”

पोरीनं वाढलं. अक्कानं पहिला घास तोंडात घातला आणि तिला तो गिळता येईना. डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाक वाहत होतं, तरी तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. पुन्हा मागून घेतलं. पंगत उठली, पानं उचलायला सुरुवात झाली, तरी ती खाली मान घालून दादाच्या घरचं खात होती.