दादांचं नॅरोगेज

लग्न होऊन मी अंबरनाथला आले, तेव्हा सासऱ्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागून सहा महिने. सगळे त्यांना दादा म्हणत. शिवमंदिराच्या अलीकडे आमचं बैठं घर. मागे परसात कपडे धुवायचा दगड, जास्वंदीची दोन झाडं, एक कढीपत्ता आणि बाकी मोकळी जागा. दादांची सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली होती. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा, असं सासूबाई सांगायच्या. आता त्याच हातात कपबशी दिली की खडखड वाजायची.

एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. दादा मागे येऊन उभे राहिले.

"सूनबाई, करवत चालवता येते का तुला?"

"नाही हो दादा."

"शिकशील?"

नाही कसं म्हणणार? लग्नाला दोन महिने झाले होते.

दादांनी मला पलंगाखालची पेटी ओढायला लावली. आत जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक इंजिन होतं, हातभर लांब, पत्र्याचं, काळ्या रंगाचं. सहा पितळी चाकं त्यांनी स्वतः लेथवर कातलेली. मागे दोन डबे. दादा देशावरचे. त्यांच्या गावावरून नॅरोगेजची छोटी गाडी जायची. शाळेत जाताना ते तिच्याबरोबर पळायचे आणि चढ आला की तिला मागे टाकायचे. ती गाडी परसात फिरवायची म्हणून निवृत्तीच्या आधीपासून त्यांनी हे सगळं जमवलं होतं. इंजिन झालं, डबे झाले आणि रूळ करायच्या वेळेला हात गेला.

मग आमचं काम सुरू झालं. दादा स्टुलावर बसायचे, मी खाली मातीत. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांकडून सागाचे तुकडे आणले होते. त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीला दोन खाचा पाडायच्या, त्या ओळीने आडव्या मांडायच्या आणि खाचांत पितळी पट्ट्या उभ्या बसवायच्या. हे झाले रूळ. दोन खाचांमधलं अंतर मापायला दादांनी लोखंडाचा एक तुकडा दिला होता. माझी पहिली वीस लाकडं वाया गेली. दादा ओरडले नाहीत. लाकूड हातात घेऊन डोळ्याजवळ न्यायचे, ते थरथरत असतानाच बघायचे आणि म्हणायचे, "अंहं. परत."

सासूबाईंना हे पटत नव्हतं. "सुनेला काय मातीत बसवलंय," म्हणायच्या. आमचे हे मुंबईला ऑफिसात. सुटीच्या दिवशीही ते परसाकडे फिरकायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "तुम्ही जरा बघा ना, माझ्या हातून सरळ होत नाही." तर म्हणाले, "लहानपणी पान्याला हात लावला की दादा काढून घ्यायचे. तुझ्या हाताला वळण नाही म्हणायचे. आता काय शिकू?"

वर्षभराने जास्वंदीभोवती रूळ पुरा झाला. दोन बाजू सरळ, दोन टोकांना वळणं. पहिल्या डब्यात चार मोठे सेल टाकले, इंजिनाचं बटण दाबलं आणि गाडी निघाली. सरळ बाजूवर अशी सुरेख गेली की मी टाळ्या वाजवल्या. वळणावर पोचली आणि आडवी झाली.

उचलून परत ठेवली. परत आडवी. पाचदा, दहादा. लोखंडी तुकडा घेऊन मी सगळं वळण मापून काढलं. माप बरोबर होतं. बाहेरचा रूळ जरा उचलून बघितला, खालची माती चोपून बघितली, डब्यात दगड ठेवून वजन वाढवलं. काही उपयोग झाला नाही.

दादांना कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांवरून मला दिसायचं की काय चुकलंय ते या माणसाला नेमकं ठाऊक आहे. पण त्या वर्षात दुखणं हातावरून आवाजात उतरलं होतं. डॉक्टर कंपवात म्हणायचे, गोळ्या वाढवायचे. दादा बोलायचे ते ओठांतल्या ओठांत, शब्द एकमेकांत मिसळलेले. मी कान तोंडाशी नेऊन म्हणायची, "दादा, परत एकदा सांगा." ते परत सांगायचे. मला परत कळायचं नाही. हात माझ्याकडे होते आणि विद्या त्यांच्याकडे, आणि मध्ये काहीच पोचत नव्हतं. एकदा त्यांनी मान वळवली आणि बोलणंच थांबवलं. मी आत जाऊन मोरीत रडले.

मग मी त्यांना वही-पेन्सिल दिली. त्यांनी अर्धा तास खपून एक ओळ लिहिली. अक्षर मुंगीएवढं, पुढे पुढे आणखी बारीक, शेवटी नुसती रेघ. तो कागद आणि इंजिन पिशवीत घालून मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनला गेले. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या ज्या सिंधी काकांनी दादांना इंजिनाची मोटर दिली होती, त्यांच्याकडे. त्यांनी भिंग लावून बघितलं.

"बेटी, ये पढ़ा नहीं जाता," ते म्हणाले. "मोटर तो एकदम फर्स्ट क्लास है. मैं क्या करूँ?"

पुढे दादांचं चालणंही सुटलं. मला दिवस गेले होते, खाली बसवत नव्हतं. गाडी परत पेटीत गेली. रुळांवर पानं साचली.

एका रविवारी दुपारी परसातून कानशीचा आवाज आला. जाऊन बघते तर हे, पेटीतलं इंजिन वळणावर ठेवून लेंग्यातच मातीत बसलेले. मला म्हणाले, "सहा चाकं आहेत ना, वळणावर मधली अडकतायत. रूळ तिथे जरा सैल पाहिजेत. तू सगळीकडे मापात केलेस." वळणावरच्या खाचा त्यांनी एकेक करून बाहेरच्या अंगाने वाढवल्या. दोन रविवार लागले. बोटं सोलली होती, पण काम नीट होतं. दादांनी कागदावर हेच लिहिलं असेल का म्हणून आम्ही दोघांनी तो उजेडात धरला. असेलही. वाचता आलं नाही.

दादांना खुर्चीसकट उचलून मागच्या दारात आणलं. गाडी निघाली, वळणावर किंचित हलली, वळली, जास्वंदीला पुरा फेरा घालून आली. पुन्हा गेली. सासूबाईसुद्धा हात पुसत बाहेर आल्या. हे गाडीकडे बघतच नव्हते. ते दादांकडे बघत होते.

दादांचा चेहरा तसाच होता. त्या आजारात चेहराही गोठतो, हसू आलं तरी वर येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. माहीत असून काय उपयोग?

"दादा," यांनी खाली बसून विचारलं, "बरोबर चाललीय ना?"

दादांचे ओठ हलले. दोन-तीन शब्द असतील. यांनी माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे. तिघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं. "परत सांगता?" असं विचारायचा धीर यांना झाला नाही आणि मलाही. सेल उतरेपर्यंत गाडी फिरत राहिली.