स्पीकरला माझा फोन

मॅडमच्या तोंडावर पॅक होता, डोळ्यांवर काकडी. ती तशीच उठून बसली, चकत्या मांडीवर पडल्या, आणि बोलली, "हे गाणं कोणाच्या फोनवरचं?"

मी बोलले, माझ्या.

"म्हणजे तू त्यांच्यातली?"

मी मान हलवली. हो हलवली की नाही हलवली, मलाच कळलं नाही.

मुलुंडच्या त्या पार्लरमध्ये स्पीकरला कायम माझाच फोन असायचा. वेड मला ना गाण्यांचं. नववीत शाळा सुटली, पण कुठलं पिक्चर आलं, गाणं कोणी म्हटलंय, हिरॉइनने केस कसे कापलेत, सगळं पाठ. लग्नाच्या संगीतला कुठल्या गाण्यावर नाचू, ते पण गिऱ्हाईक मलाच विचारायच्या. त्या दिवशी पिक्चरची गाणी संपली आणि फोनने आपोआप माझ्या आवडीतलं पुढचं लावलं. भीमगीत. जयंतीला आमच्या गल्लीत वाजतं ते. मी धावत जाऊन बंद करेपर्यंत अर्धं कडवं झालं होतं.

मॅडमने स्वतःच ओल्या टॉवेलने तोंड पुसलं. पार्लरवाल्या ताईंना हाक मारली आणि माझ्यासमोर बोलली, "आणि ही दोरा तोंडात धरते ना?"

आयब्रोचा दोरा आमच्याकडे सगळ्याच मुली दातात धरतात. या मॅडमच्या भुवया मीच करत होते, माझी लेक जन्मायच्या आधीपासून. तोच दोरा, तेच तोंड.

ताई बोलल्या, "सॉरी हां, नवीन आहे ती."

नवीन.

मॅडम गेल्यावर ताईंनी मला आत नेलं, वॅक्स गरम करतो तिथं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. हळूच बोलल्या, "मी असलं काही मानत नाही गं. पण गिऱ्हाईक आहेत. तू आता पाय कर, चेहरे बाकीच्या करतील. आणि तुमची गाणी घरी ऐकायची."

मी हो बोलले. लगेच. घाबरले होते हो मी. माझी लेक बालवाडी सुटली की तिथंच खुर्चीमागं बसायची. नवरा टेम्पोवर, आज इथं तर उद्या नाशिक. काम गेलं तर पोरीला ठेवू कुठं? दुसऱ्या कुठल्या पार्लरात पोर चालते?

मग पाय. खाली पाटावर बसायचं, टब, टाचा घासा, नखं कापा. वर स्पीकर चालू, फोन दुसरीचा. आवडीचं गाणं लागलं तरी मी खाली मान घालून. एकदा त्या मॅडमचेच पाय आले. पायाला माझे हात चालले तिला.

लहानपणी मी रद्दीवाल्याकडून कॉमिक्स आणायचे, शेवटची पानं फाटलेली. हिरो दिवसा साधा माणूस, मग मुखवटा घालणार, खरं नाव कोणालाच माहीत नाही. लय भारी वाटायचं. पार्लरात लागले तेव्हा ताईंनी सांगितलेलं, नुसतं नाव सांग, आडनाव नको. मी मनात बोलले, झकास, आपण पण कॉमिकमधले. हसू नका. त्या टबाजवळ बसून डोक्यात आलं, तो मुखवटा घालून मारामारीला बाहेर पडायचा. मी घालून बसले होते दडून.

मग एका संध्याकाळी घरी, घाटकोपरला डोंगरावर. जयंती जवळ आली होती, गल्लीतली पोरं स्पीकर लावून बघत होती. तेच गाणं लागलं. त्यावर माझी लेक दरवर्षी नाचते. ती उठली, खिडकी ओढली, तोंडावर बोट ठेवलं. "आई, हळू. मॅडम येतील." आणि माझा फोन घेऊन आवाज कमी करायला लागली. बटण दाबतेय, दाबतेय. माझा फोन वाजतच नव्हता.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिने खुर्चीमागून सगळं ऐकलेलं. माझी भीती तिला लागली होती, आणि अजून शाळेत पण गेली नाही ती.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं आणि ताईंना बोलले, "मी चेहरे करणार. नाही तर पाय पण नाही."

"पोरीला घेऊन कुठं जाशील गं?"

"माहीत नाही," मी बोलले. खरंच माहीत नव्हतं. फोन घेतला आणि स्पीकरला जोडला. जयंतीचं गाणं आवडीतून काढलं नाही. आलं तर येऊ दे. ताई वॅक्स गरम करायला आत गेल्या. नको बोलल्या नाहीत.

दुपारी ती मॅडम आली. खुर्चीत बसली, आरशात मला बघितलं. मी दोरा दातातून काढला आणि माझं नाव सांगितलं, आडनावासकट. तिने विचारलंच नव्हतं.

ती पर्स उचलून गेली. ताई भिंतीकडे बघत राहिल्या. मग एक कॉलेजची मुलगी आत आली, बसली, मान मागं टाकली.

ताई मला कधी काढतील माहीत नाही. रोज शटर वर करताना तेच डोक्यात असतं. पण त्या पाटावर मी परत बसणार नाही. माझी लेक आता खुर्चीमागं नाही, पुढं बसते, आरशाजवळ. आडनाव मी सांगणार, कोणी विचारो न विचारो. सांगून झालं की दोरा परत दातात.