क्रेनकाकांची सुट्टी

घरातली धाकटी नऊ वर्षांची असताना शेजारचे क्रेनकाका आखातातून सुट्टीवर आले; तिकडे ते बांधकामावरची उंच क्रेन चालवत, म्हणून हे नाव. दोन वर्षांनी एकदा यायचे, ते महिनाभरासाठी. टॅक्सीच्या टपावरून दोरीने आवळलेले खोके उतरले की सगळा जिना गोळा व्हायचा. कुणाला अत्तर, कुणाला बॅटरी, कुणाला मऊ ब्लँकेट. दोन दिवस त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. खोके रिकामे झाले, की माणसंही आपापल्या कामाला लागत. मग काका मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून एकटेच बसायचे.

घरात त्यांना तसं कुणी तोडून बोलत नसे, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडतही नसे. बिल कुठे भरायचं, गॅस कधी संपतो, सगळं काकूंच्या हाती. काकांनी मदत म्हणून डबे नीट लावले, तर काकूंना दोन दिवस हळद सापडेना.

त्या खेपेला त्यांनी मुलासाठी खेळण्यातला वॉकीटॉकी आणला होता. मुलाला मिसरूड फुटलेलं. त्याने खोका उघडून पाहिला आणि हसून बाजूला ठेवला. "बाबा, मी काय आता लहान आहे का?" म्हणाला आणि चप्पल घालून मित्रांकडे गेला. काकांचं तोंड एवढंसं झालं. गॅलरीच्या कठड्यापलीकडून धाकटी हे सगळं बघत होती. काकांनी दोनातलं एक यंत्र तिच्या हातात दिलं. "हे बटण दाबून बोलायचं. बोलून झालं की सोडायचं. नाहीतर दुसऱ्याचं ऐकू येत नाही."

समोरासमोर हां-हूंच्या पुढे न जाणारे काका त्या यंत्रात मात्र मोकळे व्हायचे. ते त्यांच्या गॅलरीत, ही आपल्या घरात पलंगावर.

"काका, वरून माणसं कशी दिसतात?"

"टोप्या दिसतात. पिवळी टोपी मजुराची, पांढरी साहेबाची. चेहरा कुणाचाच दिसत नाही."

"मग दिवसभर बोलता कुणाशी?"

"खालच्या माणसाशी, असल्याच यंत्रावर. तो म्हणतो उचल, मी उचलतो. तो म्हणतो थांब, मी थांबतो. सकाळी डबा घेऊन शिडी चढायची, ती संध्याकाळी उतरायची."

"आणि तो गप्प बसला तर?"

"तर मीही गप्प." मग म्हणाले, "एकदा धुळीचं वादळ आलं. खालचं काही दिसेना. तो विचारत राहिला, आहेस ना, आहेस ना. काम बंद होतं, तरी विचारत होता. बरं वाटलं."

एका दुपारी काकू वाटीभर साखर मागायला आल्या. साखर घेऊनही जाईनात. शेवटी धाकटीच्या शेजारी पलंगावर टेकल्या.

"काय ग, काय बोलतात ते तुझ्याशी एवढं?"

धाकटीने टोप्या सांगितल्या, वादळ सांगितलं. काकू पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होत्या. "मला नाही कधी सांगितलं हे," त्या म्हणाल्या.

धाकटीने यंत्र त्यांच्या हातात दिलं. काकूंनी आढेवेढे घेतले, मग बटण दाबलं. "ऐकताय का?"

जरा वेळ नुसती खरखर. "कोण?"

"मी."

काकूंनी धाकटीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "संध्याकाळी जेवायला काय करू?"

"कर काहीही."

काकूंनी यंत्र पलंगावर ठेवलं, साखरेची वाटी उचलली आणि निघाल्या. त्या जिन्याच्या दारापाशी पोचल्या असतील, तेवढ्यात काकांचा आवाज आला, "अजून आहेस का तिथे?" धाकटी धावत जाऊन त्यांना घेऊन आली. काकूंनी घाईघाईने बटण दाबलं. "आहे. बोला ना." पण बटण सोडायला विसरल्या. पलीकडून काका काही बोलले असतील तर ते कुणालाच ऐकू आलं नाही. धाकटीने त्यांचा अंगठा उचलला, तोवर काकांनी यंत्र बंद केलं होतं.

आठवड्याने ते गेले. जाताना जिन्यात एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांचा निरोप घेतला. काकूंना फक्त "येतो" म्हणाले.

ते कायमचे परतले, तेव्हा धाकटी दुसऱ्या गावी नोकरीला लागली होती. काकांची नजर अधू झाली, म्हणून क्रेनवरून उतरवलं होतं. मुलगाही परदेशी गेला होता. ती भेटायला गेली, तर दोघं टीव्हीसमोर बसलेले. काकांनी तिला दोनदा विचारलं, "जेवलीस का?" काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "दिवसभर घरातच असतात आता. वाटायचं, आले की खूप बोलू. बोलायला बसलं की दोघांनाही काही सुचत नाही बघ."

धाकटी निघाली, तेव्हा ती नको म्हणत असतानाही काका कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. "वरून एक बरं असायचं," ते म्हणाले. "कुणी निघालं तरी बराच वेळ दिसत राहायचं." गाडी आली. ती बसली. काका हात हलवत होते, पण जरा बाजूला, तिच्या मागच्या खिडकीकडे बघून. तिने हाक मारली नाही. गाडी सुटेपर्यंत तीही हात हलवत राहिली.