जपान्याला पाणी

मोरीचाचा कुणाच्याही खोलीत शिरले की आधी माणसाकडे बघत नसत, मोरीकडे बघत. चपला दाराबाहेर काढायच्या, थेट न्हाणीघर गाठायचं, कोपऱ्यातल्या जाळीवर वाकून एकदा दीर्घ श्वास घ्यायचा, तांब्याभर पाणी सावकाश ओतायचं, आणि मग बाहेर येऊन, जणू आत्ताच दारात पाऊल टाकल्यासारखं, "सलाम आलेकुम! काय इंजिनेर, बरा हायस?" माझ्या खोलीत ते पहिल्यांदा आले तेव्हा मी आंघोळ करत होतो. कडी लावायची राहिली ही चूक माझी. पण चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जरा सरक," म्हणाले, जाळी हुंगली, "तुजी मोरी झकास हाय, पाणी नको," आणि दार ओढून निघून गेले. आखातातल्या दम्माममधली माझी पहिली ओळख ही अशी, साबणाच्या फेसात झाली.

आमचा कॅम्प शहराबाहेर होता. तीनशे माणसं: रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी, मलबारी, फिलिपिनो आणि पुण्या-नाशकाकडचे आम्ही चार अतिशहाणे इंजिनियर. चाचा दाभोळकडचे, साठीला टेकलेले, हुद्दा सॅनिटरी इन्स्पेक्टर. पण तो हुद्दा कागदावर. सगळा कॅम्प त्यांना मोरीचाचा म्हणे, आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. "मोरी हाय म्हणून घर हाय," म्हणायचे. "नायतर नुसती चार भिंतींची पेटी."

तरुणपणी ते मुंबईला म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्यात लागले होते. गिरणगावातल्या चाळी, चुन्याची बादली, फिनेल, उंदरांचे पिंजरे. तिथल्या एका म्हाताऱ्या मुकादमानं त्यांना जे शिकवलं, ते त्यांनी जन्मभर पुरवलं. मोरीखालच्या नळाला बाक असतो, त्या बाकात पाणी साचून राहतं, आणि ते आहे तोवर गटाराचा श्वास घरात येत नाही. मोरी वापरली नाही की पाणी वाळतं, आणि मग गटार खुशाल घरात येऊन बसतं. "दोन बोटं पाणी," चाचा बोटं दाखवून सांगायचे. "गटार आणि माणूस यांच्यामधी दुसरा काय पण नाय."

एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, रिकाम्या खोल्यांत कशाला पाणी ओतत फिरता? आता घरी जाऊन आराम करा की." ते म्हणाले, "नोकरीच्या पयल्या वर्साला ईदची रजा घेऊन गावी गेलो. माज्या गल्लीत तेव्हाच कॉलरा शिरला. परत आलो तर ज्या दारात मला रोज चाय मिळायची, त्याला कुलूप. रजेवर नसतो तर त्या घरातली माणसा वाचली असती असा नाय म्हणत मी. पण तेव्हापासून काम अर्ध्यावर टाकून घरी जात नाय." एवढं सांगून ते उठले आणि शेजारच्या मोरीकडे गेले.

मग आखाती युद्ध आलं. उत्तरेकडून पळालेली माणसं धुळीनं माखलेल्या गाड्या भरभरून येऊ लागली, काही आमच्या कॅम्पात पाहुणी म्हणून राहिली, बगदादहून विषारी वायू येईल या धास्तीनं दुकानांतून चिकटपट्टी गायब झाली, आणि कंपनीनं मला कॅम्पचा सेफ्टी वॉर्डन नेमलं. का नेमलं, ते मला अजून समजलेलं नाही. एक शिटी मिळाली, एक विजेरी मिळाली आणि कॅम्पातला एकुलता एक गॅस मास्क मिळाला. मी लगेच कॅरमचा हॉल 'सुरक्षित कक्ष' म्हणून जाहीर केला. खिडक्या, फटी, एसीची भोकं, सगळीकडे पट्ट्या मारल्या. अशा पट्ट्या की भिंत दिसेना. मग दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली.

दुसऱ्याच दिवशी चाचा तांब्या घेऊन हजर. "किल्ली दे. कॅरमच्या टेबलाखाली मोरी हाय, जुनी, हात धुवायची."

"चाचा, लढाई तोंडावर आलीय. इथे क्षेपणास्त्रं येणारेत आणि तुम्ही तांब्या घेऊन फिरताय?"

"तुजी क्षेपणास्त्रा येतील तेव्हा येतील. गटार रोज येता."

मी हसलो, शिटी वाजवून दाखवली आणि किल्ली दिली नाही. महिनाभर ते रोज येत, मी रोज नाही म्हणे. त्याच सुमारास ऑफिसातून कागद आला: लढाईच्या काळात ज्यांच्यावाचून काम अडणार नाही अशांची नावं कळवा, त्यांना मायदेशी पाठवायचं आहे. मी पहिलंच नाव चाचांचं लिहिलं. कॉलऱ्याची गोष्ट मला माहीत होती, तरी लिहिलं. त्यांच्याच भल्यासाठी लिहितोय, अशी मी स्वतःची समजूतही घातली. फक्त लिहिताना लक्षात आलं की त्यांचं खरं नाव मला ठाऊकच नाही. दोन वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचं! विचारायची लाज वाटली, म्हणून इंग्रजीत ठोकून दिलं, 'मोरी चाचा', आणि कागद धाडला.

तीन दिवसांनी, सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजानंतर, पहिला भोंगा झाला. मावली तेवढी चाळीस माणसं हॉलमध्ये कोंबली, बाकीचे आपापल्या खोल्यांत दडले, दार लावलं, दारालाही पट्टी मारली. मी मास्क चढवून सूचना देऊ लागलो. आतून माझा आवाज म्हशीसारखा येत होता. कुणाला काही कळेना, म्हणून मास्क काढला. आणि काढल्याबरोबर मला वास आला. सडक्या अंड्यांचा.

"गॅस!" मी ओरडलो. "गॅस आला! दार उघडा!"

पुढचं सांगायला आजही संकोच वाटतो. कुणी कलमा म्हणू लागलं, कुणी रामरक्षा. मलबारी आचारी ओला टॉवेल तोंडावर दाबून हमसाहमशी रडू लागला. आणि सेफ्टी वॉर्डन, म्हणजे मी, स्वतःच मारलेली पट्टी नखांनी ओरबाडत होतो. बाहेर भोंगा चालूच होता. तेवढ्यात कुणीतरी माझी मानगूट धरली.

"दार उघडायचा नाय." चाचा दाराला पाठ लावून उभे होते. त्यांनी एकदा दीर्घ श्वास घेतला, अगदी खोलीत शिरल्यावर घेत तसाच. माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. ते गर्दीतून वाट काढत कॅरमच्या टेबलापाशी गेले, टेबल ढकललं, खाली वाकले. "पाणी आण," म्हणाले. कुणीतरी प्यायच्या पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी सावकाश, अगदी सावकाश मोरीत ओतली. मग सरळ उभे राहून सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीत जाहीर केलं, "घबराओ मत. ये बगदादवाला नहीं है. ये अपनावाला है!"

आधी आचारी हसला, तोंडावर टॉवेल तसाच ठेवून. मग सगळे. धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हा तो अर्ध्या लोकांना ऐकूच गेला नाही.

सकाळी मी धावत ऑफिसात गेलो. रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात होती: तो कागद. कंपनीकडे ठेवलेला चाचांचा पासपोर्ट परतीसाठी बाहेर काढला असेल तर? कॅम्प बॉस, एक लालबुंद आयरिश गृहस्थ, इकाम्यांची, म्हणजे राहण्याच्या परवान्यांची, फाइल पसरून वैतागून बसला होता.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "तुझा हा मिस्टर मोरी कोण? तीन दिवस शोधतोय. मोरी हे तर जपानी आडनाव. आपल्याकडे जपानी माणूस कधी होता?"

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एक चूक दुसरीकडे. "नाही साहेब," मी म्हणालो, "जपानी कुणी नाही. नजरचूक झाली. त्या जागी माझंच नाव लिहा."

तो जोरात हसला आणि त्यानं ती ओळ खोडली. माझं नाव काही लिहिलं नाही.

चाचांना मी स्वतःहून सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील, निदान अबोला धरतील. ते तांब्या पुसायला लागले. मग म्हणाले, "म्हंजे मेल्या, मला जपानला पाठवणार होतास?" आणि थोड्या वेळानं, हळूच, "माजा नाव इब्राहिम. पुढच्या वेळी घरी पाठवशील तेव्हा नीट लिव."

तशी वेळ आली नाही. लढाई संपली, पाहुणे परत गेले, रिकाम्या झालेल्या खोल्यांत चाचा तांब्या घेऊन आणखी काही महिने फिरले, आणि मग स्वतःच ऑफिसात जाऊन 'खलास, आता घरी' म्हणाले. त्या सगळ्या काळात कॅम्पात एकाही माणसाला कावीळ झाली नाही. निघायच्या दिवशी बस हॉर्न वाजवत उभी आणि चाचा बेपत्ता. शोधायला गेलो तर कॅरमच्या हॉलमध्ये टेबलाखाली वाकलेले. उठले, तांब्या माझ्या हातात दिला, म्हणाले, "काम पुरा झाला. यल्ला, चल." पुढे दाभोळहून दर ईदला त्यांचं कार्ड यायचं. खाली सही, 'तुजा मिस्टर मोरी, जपान.' एका वर्षी कार्ड त्यांच्या मुलाच्या अक्षरात आलं. त्यावर सही नव्हती.

तांब्या माझ्याकडेच आहे. चार दिवस घर बंद करायचं असलं की मी सगळ्या मोऱ्यांतून फिरतो, आणि बायको खालून रिक्षातून ओरडते, "अहो, जपान्याला पाणी घालून झालं का?" मोरीत पाणी ओतायला आमच्या घरात हेच नाव पडलंय. गेल्या महिन्यात मुलीनं बंगळुरूहून फोन केला. गावाला जाऊन परतली होती, फ्लॅटमध्ये कसलातरी भयंकर वास येत होता. घाबरून गॅस कंपनीला फोन लावायच्या बेतात होती.

"थांब," मी म्हटलं. "जाताना जपान्याला पाणी घातलं होतंस का?"

पलीकडून नळ सोडल्याचा आवाज आला.