दादाच्या नावाने कामावर

दादा विषमज्वराने गेला तेव्हा आम्ही मुलुंडला राहत होतो. त्याची पंचविशीही पुरी झाली नव्हती. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. लग्न ठरवायच्या वेळी काढू, असं आई म्हणायची. कपडे, छत्री, अंथरूण हे सगळं रीतीप्रमाणे देऊन टाकायचं होतं. मागे राहणार होतं ते त्याचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. जाड कागद, आणि त्यावर त्याचं पूर्ण नाव. आईला वाचता येत नव्हतं, पण त्या कागदावर नाव कुठे आहे हे तिला ठाऊक होतं.

सुतकाचे दिवस होते. लोक येत, सतरंजीवर खाली बघत बसत आणि काही न बोलता उठून जात. आमच्या घरचं पाणी कुणी घेत नसे. मी खिडकीत पुस्तक उघडून बसे आणि तेच पान समोर असे.

एका दुपारी एक तरुण आला. दादाच्या ऑफिसात असतो म्हणाला. दादाच्या ऑफिसातलं आम्ही कुणालाच पाहिलेलं नव्हतं. जरा वेळ बसून तो म्हणाला, “काकू, पाणी देता थोडं?”

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “अहो, सुतक आहे इथं.”

“मग मलाही आहेच की. भावासारखा होता तो मला,” असं म्हणून त्याने पाणी घेतलं आणि भांडं रिकामं केलं.

आई त्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मला रडू आलं नाही.

मग तो आमच्या वडिलांना, अण्णांना म्हणाला, “दादाचा ऑफिसातला हिशेब मिटवायचा तर सर्टिफिकेट दाखवावं लागेल.”

“तेरावं झालं की मी येतो घेऊन,” अण्णा म्हणाले.

“काका, तोवर साहेब बदलून जाईल. तुम्ही आत्ता कुणाच्या दारी कसे जाणार? मी दाखवतो आणि शनिवारी आणून देतो.”

एरवी अण्णा शेजाऱ्यांना वर्तमानपत्रसुद्धा विचार करून देत. पण हा आमच्या घरचं पाणी प्यालेला होता. त्यांनी सर्टिफिकेट दिलं.

दारात चपला घालताना तो म्हणाला, “बराय, येतो काकू.”

तो गेल्यावर शेजारच्या बाई फणकारल्या, “सुतकाच्या घरात ‘येतो’ म्हणतात का कुणी? एवढा घोडा झाला, पण अक्कल नाही.”

“जीव लावलेला माणूस,” आई म्हणाली. “त्याला कुठलं भान?”

शनिवारी तो आला नाही. तेरावं झाल्यावर अण्णा फोर्टात दादाच्या ऑफिसात जाऊन आले. तसा कुणी माणूस तिथं नव्हताच. चौकीवर हवालदाराने विचारलं, “कागदच गेला ना? दागिना नाही ना?” अण्णा घरी येऊन हातपाय धुऊन जेवले. आईने वाढलं. त्या दिवशीचं दुसरं काही मला आठवत नाही.

पुढे कितीतरी महिन्यांनी एक चष्मेवाले गृहस्थ आमच्या गॅलरीत उभे राहिले आणि त्यांनी दादाचं पूर्ण नाव घेतलं. घरात ते नाव आम्ही कुणी उच्चारत नव्हतो.

“इथंच राहतात ना? विक्रोळीच्या कारखान्यातून आलोय. घाबरू नका हो, चांगलंच काम आहे. नोकरी पक्की करायचीय त्यांची, म्हणून चौकशी. पत्ता शाळेतून मिळाला. मुलगा तुमचाच ना?”

अण्णा उभेच राहिले. आई आतून हात पुसत आली.

“बरा आहे का?” तिने विचारलं.

“कोण?”

“तो. कामावरचा.”

“झकास आहे की! घरी येत नाही वाटतं? सारख्या त्याच्याच नावाने हाका चाललेल्या असतात आमच्याकडे.”

“डबा नेतो?”

“छे, कँटीनमध्ये खातो.”

आई अण्णांकडे बघत होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “माझा मुलगा वारला,” ते म्हणाले. “तुमच्याकडे आहे तो दुसरा कुणी. आम्हाला आमचं सर्टिफिकेट परत पाहिजे.”

त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. आईने त्यांना पाणी दिलं. ते प्याले. आता सुतक नव्हतं.

सर्टिफिकेट काही दिवसांनी परत आलं. त्या तरुणाला कामावरून काढलं एवढं कळलं. त्याचं खरं नाव आम्ही विचारलं नाही. दादाने ते सर्टिफिकेट कधी दुमडलं नव्हतं. आता खिशात बसावं म्हणून त्याच्या चार घड्या घातलेल्या होत्या. आई ते पाटावर पसरून पितळी वाटीच्या बुडाने घड्यांच्या खुणा घालवत बसली. नावाच्या जागी आल्यावर तिने वाटी उचलली आणि तिथून बोटानेच कागद सारखा केला.

“आता तिथं त्याला कुणी हाक मारत नसेल,” ती म्हणाली.

मी सर्टिफिकेट उचलून कपाटात ठेवलं. घड्यांच्या खुणा गेल्या नव्हत्या.